जिन्याखालची गाडी

रविवार, १७ नोव्हेंबर

मधू, गणपतीपासून ही वही उघडली नाही. उशीर झाला, बापावर रागावू नकोस. जाताना तू म्हणाला होतास, दादा, रोज काय घडतं ते दोन ओळी लिहून ठेवा, आल्यावर वाचीन. पहिले काही महिने लिहिलं. मग तुझी पत्रं थांबली आणि माझं लिहिणंही. दोहोंचा संबंध नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं.

तुझं शेवटचं पत्र गणपतीच्या आधीचं. दिवाळीला येतो असं त्यात होतं. दिवाळी होऊन गेली.

आज तुझी मोटारसायकल बाहेर काढली. आल्या आल्या मागशील म्हणून. दर रविवारी तुझ्या दोस्ताने, शशीने, येऊन ती चालू करायची असं तू ठरवून गेलास, पण तू मस्कतला गेलास आणि पाठोपाठ तो सुरतेला गेला, पॉवरलूमवर. तेव्हापासून ती जिन्याखाली तशीच. गोणपाट काढलं तर सीटवर मांजराचे केस.

किक मारली. काही नाही. परत मारली. साधा खोकलासुद्धा नाही. टाकी हलवून पाहिली, पेट्रोल आहे. चावी फिरवली की हिरवा दिवा लागायचा, तो लागत नाही. हॉर्न मुका.

परब गॅलरीतून बघत होता. सगळा जन्म मिलमध्ये माझ्या शेजारच्या साच्यांवर कापड विणलं, पण जीभ अजून धोट्यासारखी चालते. म्हणाला, "राण्या, साचो न्हय तो. पट्टो चढवलो म्हणून चालूचो नाय."

सोमवार, १८

टपाल नाही.

वरळी कोळीवाड्यातून हिराजीला बोलावून आणलं. तू त्याच्याचकडे जायचास. होड्यांची इंजिनं करता करता मोटारसायकलीही करतो. प्लग काढला, तारेच्या ब्रशने घासला, इंजिनावर टेकवून किक मारली. ठिणगी नाही. म्हणाला, प्लग गेला. दुसरा घातला. तेच. म्हणाला, मग कॉईल गेली. कॉईल खोलली, ती बरी निघाली. शेवटी बाजूचं झाकण काढलं आणि डोक्याला हात लावला.

"काका, बॅटरी मेलीय. मी उगा प्लग फिरवत बसलो."

बॅटरीच्या दोन्ही टोकांना पांढरी बुरशी. आत पाणी नाही.

मी विचारलं, किक पायाने मारायची, मग विजेचा काय संबंध? तो म्हणाला, ठिणगीला वीज लागते, ह्या गाडीत बॅटरी नाय तर ठिणगी नाय. साच्याचं असं नव्हतं. साचा का अडला ते चार हातांवरून आवाजाने कळायचं. ही गाडी बोलतच नाही, तर कळणार कसं.

परब वरून: "गोदावरीचा तीर्थ घाल रे तिच्यात. सरळ नाशिकाक जायत."

मंगळवार, १९

बॅटरी पिशवीत घालून दादरला चार्जिंगवाल्याकडे नेली. बसमध्ये मांडीवर धरली होती. उतरताना पाहिलं तर पिशवीला भोक आणि लेंग्यालाही. अ‍ॅसिड. कातडी भाजली नाही. तरी घरी येऊन मांडी धुतली, संध्याकाळी परत धुतली.

दुकानदार म्हणाला, जुनी आहे, जीव धरेल असं सांगत नाही. सावकाश चार्ज करावी लागेल. गुरुवारी या.

टपाल नाही.

बुधवार, २०

तुझ्या आईचं ठीक नाही. ताप नाही, खोकला नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यापासून बोलणं कमी केलंय. खानावळीला आता बोटांवर मोजण्याएवढी माणसं उरली, बाकीची संपात गावाला गेली ती गेलीच. तेवढ्यांच्या भाकऱ्या थापते आणि भिंतीला टेकून बसते. स्वतः जेवत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, डॉक्टर काय पत्र आणतलो?

गुरुवार, २१

बॅटरी आणली. हिराजीच्या पोराने बसवून दिली. हिराजी स्वतः ससून डॉकला, होडीचं काम अडलंय. हॉर्न वाजला. हिरवा दिवा लागला. किक मी मारली नाही. आठ-नऊ महिन्यांचं पेट्रोल आत तुंबलेलं, वर लाकडी जिना. भडका उडाला तर अख्खी चाळ. हिराजी कार्बुरेटर साफ करील, मगच. घाई काय आहे. तू अजून आलेला नाहीस.

वर जाऊन तुझ्या आईला सांगितलं, बॅटरी जिवंत झाली. तिने भाकरी तव्यावरच ठेवली आणि विचारलं, "दिवो लागता?"

म्हटलं, सगळं लागतं.

रात्री जेवली. आमटी परत मागून घेतली.

रविवार, २४

टपाल रविवारी नसतंच. तरी खाली डोकावून आलो.

चाळीत तुळशीची लग्नं. आईने आपल्या तुळशीला ऊस बांधला. ऊस वाकडा आहे म्हणून परबाच्या बायकोशी दोन शब्द झाले. म्हणजे बरी आहे.

पेट्रोलचा वास येतो का म्हणून झोपायच्या आधी जिन्याखाली वाकून बघतो. हल्ली मला सगळीकडेच येतो.

बुधवार, २७

शीवला जाऊन आलो. तुमच्याच कंपनीतला साळवी म्हणून एक जण परत आलाय असं मिलच्या नाक्यावर कळलं होतं. माणूस चांगला. बसवलं, चहा दिला. मस्कतहून आणलेला पंखा दाखवला. म्हणाला, पावसाळ्यानंतर साईट बदलली, काही जणांना आत वाळवंटात नेलं, तिथे टपालाची गाडी कधीतरी जाते.

विचारलं, मधू त्यात होता का?

"असणार. म्हणजे मी शेवटचा बघितला तो कॅम्पातच. मग आमची गँग वेगळी झाली."

शेवटचा कधी बघितला, ते नीट सांगता आलं नाही. तब्येत? बरी होती, जरा बारीक झालेला. निघताना म्हणाला, काळजी करू नका. दारात परत म्हणाला, काळजी करू नका. जिन्यापर्यंत येऊन तिसऱ्यांदा म्हणाला. एकदा म्हणाला असता तर मी केली नसती.

आईला सांगितलं, वाळवंटात आहे, टपाल पोचत नाही. बारीक झालाय ते सांगितलं नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

टपाल नाही. कंपनीच्या पत्त्यावर आणखी एक पत्र टाकलं. परबाच्या जावयाकडून पत्ता इंग्रजीत लिहून घेतला. मागची दोन माझ्या अक्षरात होती, त्यामुळे गेली नसतील.

मंगळवार, ३ डिसेंबर

हिराजी आज मोकळा झाला. सकाळी आला, चावी फिरवली. हिरवा दिवा मेलेला. हॉर्नने नुसती खरखर केली.

"काका, चालवली काय?"

हातही लावला नाही म्हटलं. तो म्हणाला, मग कुठंतरी करंट गळतोय, वायर घासली असंल. दुपारपर्यंत एकेक वायर तपासली. कुठेही घासलेली नाही. म्हणाला, बॅटरीच म्हातारी झाली, धरत नाय. बोलताना माझ्याकडे बघितलं आणि हसला. मी हसलो नाही.

आई वरून विचारत होती काय झालं. सांगितलं. ती आत गेली. संध्याकाळी भाकऱ्या जाड झाल्या. खानावळीतल्या एकाने बोलून दाखवलं, तर म्हणाली, "उद्यापासून दुसरीकडे जेव." असं ती कधी बोलत नाही.

शुक्रवार, ६

बॅटरी परत चार्ज करून आणली. ह्या वेळी बादलीत ठेवून आणली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, आजोबा, मासे का? म्हटलं, हो.

बसवली. दिवा लागतो.

शनिवार, ७

लिहायचं ते असं.

संध्याकाळी मी नाक्यावर जातो ते तुला माहीत आहे. मिलच्या फाटकासमोर आमच्यातले जे उरलेत ते उभे राहतात, कुणाला आत घेतलं, कुणाला नाही, तेच तेच बोलणं. दिवेलागणीनंतर परततो. आज तिथे पोलिसांची गाडी उभी होती, म्हणून लवकर फिरलो. चौकात आलो तर जिन्याखाली उजेड. गोणपाटाच्या आत. आधी वाटलं पेट्रोलने पेट घेतला. पळालो. ह्या वयात पळालो.

तुझी आई होती. तुळशीपुढे दिवा-उदबत्ती लावून, तीच उदबत्ती हातात घेऊन ती गाडीपाशी उभी. चावी फिरवलेली. पुढचा बारीक दिवा लागलेला.

म्हटलं, हे काय चाललंय?

"दिवो लायलंय."

कधीपासून?

"चवथीपासून. पत्र येवचा बंद झाला तेव्हापासून."

आणि किती वेळ ठेवतेस?

"देवाची वात जळता तवसर."

म्हणजे रोज तास, कधी दीड तास. करंट कुठे गळत होता ते कळलं. मी चिडलो. म्हटलं, अगं बॅटरी आहे ती, तेलाची समई नव्हे. दिवा लावायचा तर तेलाचा लाव, चाळभर लाव.

ती म्हणाली, "तेलाचो आपलो. ह्यो तेचो."

मग म्हणाली, तिच्या माहेरी, देवगडकडे, गलबतावर माणूस गेला की तो येईपर्यंत घरापुढच्या खळ्यात कंदील लावत. त्याचाच कंदील, दुसऱ्या कुणाचा चालत नसे. इथे तुझं असं काय आहे? कपडे घेऊन गेलास. ताट-वाटी सगळ्यांची. गाडी तेवढी तुझी.

"दिवाळीच्या आधी बंद पडलो. त्या दिसापासून माझ्या घशाखाली घास उतराक नाय. कोणाक सांगू?"

मला सांगायचं.

"सांगलंय असतंय तर तुमी लावूक दिलो असतो?"

वात जळेपर्यंत दोघं जिन्याखाली उभे राहिलो. परब वरून उतरला, आम्हाला बघितलं आणि शौचाला गेला.

रविवार, ८

रात्रभर हिशेब घालत होतो की तिला नाही कसं म्हणायचं. सकाळी वाटलं, का म्हणायचं.

मंगळवार, १०

दिवा कालपर्यंत बरा होता, पण आज जरा पिवळा दिसला. मला दिसला. तिला विचारलं नाही. चावी काढून बॅटरीही काढली आणि दादरला नेऊन ठेवली. तीन-चार दिवस दिवा नाही, असं तिला आधीच सांगितलं. ती म्हणाली, "सांगून बंद केलो तर चलता."

गुरुवार, १२

कोळीवाड्यात जाऊन हिराजीला खरं काय ते सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. तो कोळ्याचा मुलगा, हसला नाही. म्हणाला, आमच्यात पण लावतात, होडीला उशीर झाला की. उपाय त्याने सांगितला तो असा: दिवा जेवढी वीज खातो तेवढी इंजिन परत भरतं. रोज गाडी थोडा वेळ चालू ठेवायची, मग रोज दिवा लावा, काय बिघडत नाय.

चालू कोण करणार?

"तुमी. उभ्या उभ्या किक मारायची, फिरवायची थोडीच हाय?"

संध्याकाळी आला, टाकीतलं पेट्रोल बदललं, कार्बुरेटर साफ केला. किक कशी मारायची ते दाखवलं. आधी पायाने दाबून अंदाज घ्यायचा, अडली की मग जोर. बॅटरी दादरला असल्यामुळे चालू करून बघता आली नाही. पहाटे तो होडीवर जाणार. म्हणाला, काका, बॅटरी लावा आणि मारा बिनधास्त.

टपाल नाही.

शनिवार, १४

बॅटरी आणून बसवली. पिवळी वायर कुठली, लाल कुठली, कागदावर लिहून घेतलं होतं. तीनदा ताडून पाहिलं. गाडी जिन्यापासून लांब, चौकाच्या मध्ये नेऊन ठेवली. मग भीती वाटली, परत आत आणली. उद्या.

रविवार, १५ डिसेंबर

दुपारी जेवणं उरकल्यावर गाडी चौकात घेतली. आई वर खानावळीच्या संध्याकाळच्या भाकऱ्यांचं पीठ मळत होती. तिला वेगळं असं सांगितलं नाही. चालू झाली की सांगू म्हटलं. न झाली तर सांगायला नको.

दाबून अंदाज घेतला, मारली. नाही. परब पायरीवर बसून होता. "गुडघो खयचो आणि किक खयची. सोड रे, हाड मोडशीत." परत मारली. नाही. पुढे मोजलं नाही. दम लागला, सीटला धरून उभा राहिलो. मग चिडून मारली आणि ती लागली.

निळा धूर आला. आवाज चौकात मावेना. मी मूठ पिळली, तशी ती ओरडली. मधू, खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. संपापासून माझ्या हाताखाली काही चाललं नव्हतं. मूठ धरली की थरथर कोपरापर्यंत येत होती, साच्यावर यायची तशी. मी सीटवर बसलो. बसायची गरज नव्हती.

गॅलऱ्या भरल्या. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी भांडं पडलं. बायका कठड्याला येऊन खाली बघत होत्या आणि कुणी काही बोलत नव्हतं, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग जिन्यावरून तुझी आई आली. इतक्या भराभर उतरताना तिला मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. कोपरापर्यंत पीठ. डोक्यावरचा पदर तिने तोंडात धरला होता, हात मोकळे नव्हते म्हणून. शेवटच्या पायरीवर थांबली.

ह्या गाडीचा आवाज तू गेल्यापासून तिने ऐकला नव्हता. हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. हिराजीलाही नाही. आम्ही दोघं करंट बघत होतो.

पदर तोंडातून सुटला. "तुमी?" म्हणाली. एवढंच.

मला गाडी बंद करायची होती. चावी कुठल्या बाजूला फिरवायची ते आठवेना. मूठ सोडली तरी इंजिन चालूच. तिच्या आणि माझ्या मध्ये धूर, आणि तो आवाज. परब उठून आला आणि त्याने चावी फिरवली. त्याला ते येत होतं.

ती तशीच उभी होती. मग पुढे आली आणि म्हणाली, "आणलेला परत न्हेव नये." भाकरीचा तुकडा ओवाळला, माझ्यावरून की गाडीवरून ते सांगता येत नाही, आणि गटाराकडे टाकला. तांब्यातलं पाणी पुढच्या चाकावर ओतलं. वर गेली.

परबाने मला गाडी आत लावायला मदत केली.

दिवेलागणीला ती नेहमीसारखी खाली आली, दिवा लावला. उजेड चांगला होता. पांढरा.

मंगळवार, १७

टपाल नाही.

गाडी काल चालू केली नाही. आजही नाही.

गुरुवार, १९

आईशी बोललो. म्हटलं, बघ, दिवा रोज लावायचा तर गाडी रोज चालू करावी लागेल. आधी सांगून करत जाईन. तू तयार राहा, म्हणजे झालं.

तिने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. म्हणाली, "तो आवाज आता येयत तर तो इल्यारच. तुमी करू नको."

मग दिवा?

"दिवो लायतलंय."

म्हटलं, दोन्ही कसं जमेल? बॅटरी संपेल. म्हणाली, संपली की तुमी दादराक न्हेतास ना? म्हटलं, दुकानदार म्हणाला ती आता फार वेळा उठणार नाही. तिने सूप झटकलं.

मंगळवार, २४

हिराजी नाक्यावर भेटला. "काय काका, मारता ना रोज किक?" हो म्हटलं. तो खूष झाला. म्हणाला, बघा, माणूस शिकला की वय आडवं येत नाय.

पेट्रोलच्या वासाचं सांगायचं राहिलं. आता येत नाही.

रविवार, २९ डिसेंबर

मधू, ही वही टपालात टाकायची नाही, तू आल्यावर वाचायची, हे मला कळतं. तरी लिहितो. तुझं जे काही असेल ते असो. नोकरी गेली असेल, पाय मोडला असेल, तिथेच कुणाशी लग्न केलं असशील, घरी यायचंच नसेल, तरी कळव. रागावणार कुणी नाही. अक्षर तुझं पाहिजे. मजकूर काहीही चालेल. येत नाही असं लिहिलंस तरी मी तिला वाचून दाखवीन, आणि मग गाडी चालू करू की नको ते तिला ठरवता येईल.

आज दिवा लावल्यावर ती वाकून जवळून बघत होती. मला म्हणाली, तांबडो दिसता काय हो?

नाही म्हटलं.

तांबडा आहे. दोन-तीन दिवस काढील, जास्त नाही. लवकर धाड.